वारं लागू नये म्हणून

दार ढकललं तर उघडेना. आतून कडी नव्हती हे मला माहीत होतं. बाळंतिणीच्या खोलीला आतून कडी घालत नाहीत. दार नुसतं घट्ट बसलं होतं. खांद्यानं रेटा दिला तसं सुटलं आणि आतली ऊब तोंडावर आली, भट्टीपुढे उभं राहावं तशी. धूर नव्हता. वास होता तो ओव्याचा आणि तेलाचा, रोजचाच.

"उठा गं, पाणी तापलंय," मी म्हणाले.

कोणी उठलं नाही. शालन बाजेवर होती, मान एका अंगाला कललेली, उशीवर ओकारी पडलेली. तिच्या कुशीत बाळ. पलीकडच्या भिंतीशी तिची आजी सोनाबाई घोंगडीवर आडवी. म्हातारीचे गाल इतके लाल, की आदल्या दिवशी लग्नात जेवून आलीय असं वाटावं. शालनला हलवलं तर तिचा हात बाजेखाली लोंबायला लागला. बाळाच्या छातीवर हात ठेवला. छाती हलतेय की नाही ते कळेना.

मी ओरडले. शालनचे वडील अंगणात दाढी करत होते. फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले, म्हणून सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. तोंडाचा साबण तसाच ठेवून ते पळत आले आणि उंबऱ्याशी थांबले.

"आवं, आत या की!" मी म्हणाले.

त्यांच्या मागून त्यांची बायको हौसाबाई आली. समोर लेक पडलेली दिसतेय आणि बाईच्या तोंडातून निघालं काय, तर "त्यास्नी कसं येता येईल? अजून सोयर फिटलं न्हाई."

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, मावशी तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, चौथी पास आहे, लिहिता येतं. शोभेचं लिहिता येत नाही एवढंच.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं आणि शेक द्यायचा, हे माझं काम. मी सुईण नव्हे. लोक सुईण म्हणायचे, पण मूल बाहेर काढण्यात माझा हात नसायचा. ते सरकारी दवाखान्यातली नर्सबाई करायची, नाहीतर गावची सुईण. माझी पाळी त्यानंतर. सकाळी जायचं, बाळंतिणीला तेल चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेवर निजवायचं. बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकायचं. मग बाळ आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं आणि त्यालाही धुरी द्यायची. बाळंतिणीच्या डोक्याला आणि कानांना फडकं बांधायचं. आणि सगळ्यात मुख्य, खोली बंद करायची. वारं लागू नये म्हणून.

या "वारं लागू नये"वर माझं पोट भरलं. बाळंतिणीला ताप आला, वारं लागलं. बाळ रडलं, वारं लागलं. दूध कमी आलं, तरी वारंच. कराडपासून सांगलीपर्यंत मी इतक्या खोल्या बंद केल्या की माझ्याइतका वाऱ्याचा द्वेष दुसऱ्या कोणी केला नसेल.

तेव्हा काही बिघडायचं नाही, कारण घरंच तशी होती. कौलारू घराच्या कौलांतून आभाळ दिसायचं. माणदेशाकडे मातीच्या धाब्याची घरं. त्यांच्या छताला सवणं असायचं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला पाडलेलं भोक. दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. खालून कितीही चिंध्या कोंबा, घर वरून श्वास घेत राहायचं. खोली आपणच बंद केली असं आम्हाला वाटायचं आणि वारं आपलं येऊन-जाऊन असायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ सरला, उसाला पुन्हा पैसा यायला लागला आणि लोक स्लॅबची घरं बांधायला लागले.

स्लॅबनं माझी पहिली फजिती केली ती सांगलीत. हळदीच्या व्यापाऱ्याचा नवा बंगला, त्यांची सून बाळंत झालेली, दिवस पावसाचे. न्हाणीघर खोलीला लागूनच, आतल्या बाजूला. मला फार सोयीचं वाटलं. मी दोन दोन घंगाळं कढत पाणी ओतायची, दार-खिडक्या लावलेल्या, बाळाची दुपटी-लंगोट खोलीतच दोरीवर, खाली शेगडी. चार दिवसांनी छतातून थेंब पडायला लागले. एक बाळाच्या कपाळावर पडला आणि घरात हलकल्लोळ झाला.

शेठजींनी कंत्राटदाराला बोलावलं. तो भला माणूस वर जाऊन डांबर ओतून आला. थेंब चालूच. मग त्यानं स्लॅबवर आळं करून पाणी साठवलं, मुद्दाम गळतंय का बघायला. वरचं पाणी बोटभरही उतरलं नाही आणि खाली खोलीत टपटप चालूच. भिंतीवर काळे ठिपके उठले. दुपट्यांना कुबट वास. बाळाच्या मानेच्या वळ्यांत चिघळलं. मी तेल वाढवलं, शेक वाढवला, पाणी आणखी कढत घेतलं. थेंबही वाढले.

कंत्राटदार मला म्हणाला, "मावशी, रोज घागरभर वाफ सोडताय तुमी या खोलीत. ती जाणार कुटं?"

"वाफ हाय ती, वर जाईल," मी म्हणाले.

"वर माजा स्लॅब हाय."

"मग तुजा स्लॅब वाईट."

एवढ्यात माझ्या भाच्याचं लग्न निघालं आणि मी दोन दिवस गेले नाही. सुनेची आंघोळ राहिली, दुपटी तशीच पडून राहिली, आणि छत कोरडं ठणठणीत झालं. मी परत गेले, पहिलं घंगाळ ओतलं, आणि थेंब सुरू. शेठाणीनं माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. मी असले की गळतं, मी नसले की गळत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं ठरवलं की माझ्या अंगात काहीतरी आहे. लिंबू उतरून टाकलं आणि मला घरी पाठवलं. मी वर्षभर चिडून होते. आता विचार केला तर बाईचा हिशेब अगदी बरोबर होता. कारण तेवढं चुकलं होतं.

तर हवालदारांचं घर. कराडच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यातलं गाव. हवालदारांची नोकरी उत्तरेकडच्या बर्फात गेलेली. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं आणि येईल त्याला फिरून दाखवायचे. शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मला ठरवायला बोलावलं होतं. मलाही फिरवलं. दाराच्या चौकटीला त्यांनी जुन्या फौजी कांबळ्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. खिडक्यांना लोखंडी चौकटी आणि काचा, काचांच्या कडेनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली.

"मावशी, दार लावून काडी वढा. ज्योत हालायची न्हाई," ते म्हणाले.

काडी ओढली. ज्योत हलली नाही. मला फार आनंद झाला. जन्मभर ज्याच्याशी भांडले ते वारं या माणसानं एका कांबळ्यात हरवलं होतं.

एक मात्र होतं. छताजवळ, समोरासमोरच्या भिंतींत, सिमेंटच्या जाळीचे दोन झरोके. सोनाबाई, म्हणजे हवालदारांची आई, तिथंच बसली होती. कणखर बाई. हवालदार पलटणीत कोणाचं ऐकत नसतील, पण तिच्यापुढे चप्पल काढून उभे राहायचे. ती म्हणाली, "एवडं घर बांधलंस आन् वर भोकं ठिवलीस व्हय रं? सिमिट कमी पडलं?"

"आये, भोकं न्हाईत ती. शेगडीची हवा जायाला पायजे. वर डोंगरात बंद खोलीत शेगडी लावून निजलं, तर माणूस सकाळी उठत न्हाई. दुसऱ्यांची लाल गालांची मढी लय बघितल्यात मी. रोज राती फिरून फट उगडी हाय का बघायचो. माजा एक बी जवान कोळशानं गेला न्हाई."

"तुजं जवान डोंगरात. माजी नात बाजंवर निजायची हाय."

मी हसले. हौसाबाईही हसली. मला वाटलं फौजेत असंच शिकवत असतील. साप, विंचू, हवा, सगळ्यापासून सावध. आणि हवालदार काही खोलीत येऊन बघणार नव्हते. बाळंतीण खोलीत गेली की तो बायकांचा मुलूख. बाप झाला तरी सोयर फिटेपर्यंत उंबऱ्याबाहेर. जवानांच्या खोल्या रोज तपासणारा माणूस घरातली एक खोली तपासू शकत नव्हता, आणि शेगडी होती ती नेमकी त्याच खोलीत.

आता शेगडीचं. आमच्याकडे बाजेखाली गोवऱ्या जाळायच्या. गोवरीचा धूर होतो, डोळे झोंबतात, खोकला येतो, माणूस चडफडत उठतं आणि दार उघडतं. त्या धुराला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या. हवालदारांच्या घरी मात्र आतल्या भिंतींना ऑइलपेंट दिलेला, पोपटी. गोवऱ्यांनी तो काळा पडेल म्हणून कराडहून लाकडी कोळशाची पोती आणली. कोळसा फुलला की लालभडक, धूर नाही, खोकला नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. डोळे निवले.

पहिले काही दिवस झरोके उघडे होते, म्हणून काही झालं नाही. शालनला मुलगी झाली, दूध चांगलं आलं, सगळं यथास्थित. मग एका संध्याकाळी थंडीची लाट आली. मी तोवर घरी गेले होते. हे पुढचं मला हौसाबाईनं नंतर सांगितलं. सोनाबाईनं तिला स्टुलावर चढवलं आणि वाकळेच्या चिंध्या दोन्ही जाळ्यांत कोंबायला लावल्या. हौसाबाई म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी नगं म्हटलंया." सोनाबाई म्हणाल्या, "त्याला मी जलम दिलाय का त्यानं मला?" चिंध्या बसल्या. शेगडी काठोकाठ भरली. कांबळ्याचं दार लावलं. आणि सोनाबाई नातीला सोबत म्हणून आतच निजल्या.

त्यानंतर माझ्या धंद्याचं काय झालं ते मधेच सांगून टाकते. मी जिथं जाईन तिथं म्हणायला लागले, एक झरोका उघडा ठेवा, कोळसा पेटलेला असताना निजू नका, दुपटी बाहेर वाळवा. लोक माझ्याकडे बघायचे. वारं अडवायला ठेवलेली बाई वारं आत घ्या म्हणतेय. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "मग तुमी कशाला पायजे? वारं फुकटच येतंय की." तिचंही खरं होतं. दोन-तीन घरांनी दुसरी बाई ठरवली. हवालदार तर आणखी पुढे गेले. गावात कुठं बाळंतपण झालं की त्या घरासमोर जाऊन उभे राहायचे आणि रस्त्यावरूनच ओरडायचे, "झरोका उगडा हाय का?" आतून बायका "हाय, हाय" म्हणायच्या आणि हसायच्या. कोणी उघडत होतं की नाही, देव जाणे. नंतर सगळं दवाखान्यात व्हायला लागलं आणि आम्हा दोघांचीही गरज संपली. मला कधी कधी वाटतं, मी जितक्या बाळंतिणींना वाऱ्यापासून जपलं, त्यांतल्या किती जणी नुसत्या कौलांच्या कृपेनं निभावल्या असतील. पण ते कोणी मोजलं नाही, आणि श्रेय मला मिळालं. मी घेतलं.

आता ती सकाळ संपवते.

हवालदार उंबऱ्याशी थांबले, पण क्षणभरच. त्यांनी म्हातारीचे लाल गाल बघितले, शेगडी बघितली, मान वर करून जाळी बघितली. चिंध्या दिसल्या. चेहऱ्यावर अर्धा साबण, अर्धी दाढी. एकदम हिंदीत ओरडले, "बाहर! सबको बाहर निकालो!" आणि आत शिरले. सोयर तिथंच संपलं.

बाळ मी उचललं. शालन दाराजवळ होती, तिला त्यांनी खांद्यावर टाकलं, फौजी जसा फौजीला टाकतो तसं, आणि अंगणात आणून फरशीवर निजवलं. मग परत आत गेले. आई लांबच्या भिंतीशी होती. ती भारी अंगाची. तिला ओढत आणली, दारात कांबळ्याच्या पट्टीत लुगडं अडकलं, ते फाडून आणली. आधी लेक, मग आई. याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जी जवळ होती ती आधी आली.

बाळ निळसर पडलं होतं. जन्मताना न रडलेली मुलं मी बघितली होती, म्हणून जे तेव्हा करतात तेच केलं. तोंड पुसलं, नाका-तोंडावर तोंड ठेवून हळू फुंकर घातली, तळव्यांवर चापट्या मारल्या. पुन्हा फुंकर. हौसाबाई शेजारी बसून रडत होती आणि रडता रडता बाळाच्या डोक्यावर टोपडं ओढत होती. मी तिचा हात झटकला. अखेर पोर मांजरीसारखं बारीक ओरडलं. मग जोरात. एरवी त्या रडण्यावर मी म्हणाले असते, वारं लागलं.

शालन श्वास घेत होती, पण डोळे उघडत नव्हती. एव्हाना आळीतल्या बायका जमल्या. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, अंगणात बोचरं वारं, आणि फरशीवर ओली बाळंतीण, डोकं उघडं. बायकांना दिसलं ते एवढंच.

"अगं बया! वाऱ्यात टाकलीया पोरीला! उचला गं, आत घ्या!"

चार जणी पुढे झाल्या. हवालदारांनी दारामागची काठी घेतली आणि लेकीच्या आडवे उभे राहिले.

"हात लावायचा न्हाई. हितंच ऱ्हाईल."

"आवं, बाप हाय का कोण? मरंल की ती गारठ्यानं!"

"आत मरंल. म्हातारीला बघा जावा."

"मावशी, तुमी तरी सांगा ह्यांना!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आयुष्यभर वारं लावू नका म्हणत आलेली बाई मीच. त्यांची बाजू घ्यायला माझ्याशिवाय कोण होतं? माझं डोकं दुखत होतं, मांडीवर रडणारं पोर होतं. आत शेगडीच्या हवेचे फक्त चार श्वास घेतले होते मी, तरी ही गत. म्हणून मी म्हणाले, "वारं लागू द्या तिला."

त्या दिवशी माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. एक म्हातारी म्हणाली, "हिला बी लागलं कायतरी." घोंगडी मात्र आम्ही शालनच्या अंगावर टाकली, तोंड उघडं ठेवून.

रस्त्यावरनं कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालला होता. हवालदारांनी तो आडवा होऊन थांबवला. ड्रायव्हरनं निम्मा ऊस रस्त्यातच उतरवला आणि उरलेल्या उसावर शालनची बाज चढवली. बायका पुन्हा ओरडल्या, उघड्या ट्रॉलीतनं नेताय पोरीला! हवालदार बाज धरून बसले, मी बाळ घेऊन बसले; सोनाबाईला घेऊन हौसाबाई अंगणातच राहिली. कराड येईपर्यंत वारं नुसतं तोंडावर मारत होतं. पुलावर शालननं एकदा डोळे उघडले आणि म्हणाली, "गार लागतंय." हवालदार रडले. दाढी अजून अर्धीच होती.

डॉक्टरांनी प्राणवायूची नळी लावली. ते म्हणाले, उघड्यावरनं आणली हे बरं केलंत. मी म्हटलं, हे आमच्या आळीत येऊन सांगाल का? ते हसले. आले नाहीत.

गावात नंतर एक गोष्ट तयार झाली आणि तीच टिकली. सोनाबाईनं नातीच्या जिवावरचं आपल्यावर घेतलं, असं लोक म्हणायला लागले. बाराव्याला कीर्तनकारबुवांनी तसं सांगितलंही. हवालदार मान खाली घालून बसले होते. चिंध्या त्यांनी स्वतः उपसून जाळल्या होत्या. मीही बोलले नाही. मयताच्या घरात कोण बोलतं?

सोनाबाई अंगणातच गेल्या, आम्ही कराडच्या वाटेवर असताना. शालन आणि तिची मुलगी जगल्या.